वाळूची साक्ष: दाणा काय सांगतो, आणि आपण काय वदवून घेतो

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय पत्रिकेवर जरा भारदस्त छापलाय: 'वालुकाश्मातील खनिजांवरून गाळाच्या खडकांचा उगमशोध'. साध्या शब्दांत सांगायचं तर, समोर एक वालुकाश्म आहे. तो वाळूचा झालाय. ती वाळू कुठल्यातरी डोंगराची झीज होऊन आली. तो डोंगर आज कदाचित जागेवर नाहीसुद्धा. मग उरलेल्या दाण्यांवरून तो डोंगर ओळखता येतो का? आणि येत असेल, तर कितपत खात्रीने?

या शास्त्राची ओळख करून देणं एवढाच आजचा हेतू नाही. मला त्याची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची, नाटकाची समीक्षा होते, तशी एखाद्या पद्धतीचीही व्हायला हवी. ही पद्धत गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगभर वापरली जाते, आपल्याकडच्या प्रबंधांत तर एखादं प्रकरण तिच्यासाठी राखीवच असतं. तिने खूप दिलंय, यात शंका नाही. पण तिच्या नावावर तिने न दिलेल्याही बऱ्याच गोष्टी जमा झाल्या आहेत. तो जमाखर्च आज मांडू.

सुरुवात थोडी मागून करतो. हेन्री सॉर्बी हे इंग्लंडमधल्या शेफील्डचे. खडकाची चकती इतकी पातळ घासायची की तिच्यातून प्रकाश आरपार जावा, आणि मग ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, हे तंत्र त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूविज्ञानात रुजवलं. १८८० साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी गाळाच्या खडकांतल्या दाण्यांबद्दल सविस्तर मांडणी केली. क्वार्ट्झचा दाणा ग्रॅनाइटमधून आलाय की रूपांतरित खडकातून, हे त्याच्या पोटातल्या खुणांवरून सांगता येईल, ही दृष्टी तिथे आहे. पुढे १८९६ मध्ये विल्यम मॅकी यांनी ईशान्य स्कॉटलंडमधल्या मोरे भागातल्या वाळूवर आणि वालुकाश्मांवर काम प्रसिद्ध केलं. हे मॅकी व्यवसायाने डॉक्टर. रोगी तपासून उरलेल्या वेळात वाळू तपासायचे! क्वार्ट्झच्या दाण्यांमध्ये जे बारीक समावेश अडकलेले असतात, त्यांचे प्रकार पाडून ते उगमाचा खडक शोधत होते. म्हणजे या शास्त्राचा पाया एकेका दाण्याकडे निरखून बघण्याच्या सवयीवर घातला गेला. हे लक्षात ठेवा, मी शेवटी इथे परत येणार आहे.

आता मुख्य पात्राकडे येऊ. विल्यम डिकिन्सन, अमेरिकन भूवैज्ञानिक. १९७९ साली त्यांनी आणि ख्रिस्तोफर सुचेक यांनी मिळून एक लेख लिहिला, विषय होता भूपट्टांची हालचाल आणि वालुकाश्मांची घडण. काळ बघा. भूपट्ट सिद्धांत तेव्हा नुकताच स्थिरावला होता. पर्वत का होतात, ज्वालामुखींच्या रांगा कुठे उभ्या राहतात, याला एक चौकट मिळाली होती. प्रश्न असा होता की आज हालणारे भूपट्ट दिसतात, पण तीस कोटी वर्षांपूर्वीचे कसे ओळखायचे? डिकिन्सन म्हणाले, वाळूवरून.

रीत अशी. वालुकाश्माची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती करायची. सूक्ष्मदर्शकाखाली ती ठरावीक अंतराने सरकवत जायची, आणि प्रत्येक थांब्याला मध्यबिंदूखाली काय आलं ते नोंदवायचं. असे तीनशे, चारशे, पाचशे बिंदू मोजायचे. मग तीन खाती करायची: क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि खडकांचे तुकडे. तिन्हींची टक्केवारी काढायची आणि एका त्रिकोणात एक ठिपका द्यायचा. त्रिकोणात आधीच प्रांत आखलेले आहेत. वरच्या टोकाला आणि क्वार्ट्झ-फेल्डस्पारच्या बाजूला ठिपका पडला, तर वाळू भूखंडाच्या जुन्या, स्थिर गाभ्यातून आली. खालच्या बाजूला पडला, तर ज्वालामुखींच्या कमानीतून. क्वार्ट्झ आणि खडकतुकडे यांच्या बाजूला पडला, तर वळ्या पडून वर आलेल्या पर्वतातून, जिथे जुने गाळाचे खडकच पुन्हा झिजतायत.

मोजण्याचीही एक खास शिस्त आहे. तिला गाझी-डिकिन्सन पद्धत म्हणतात. इटलीच्या गाझींनी ती १९६६ मध्ये सुचवली होती. समजा बिंदूखाली ग्रॅनाइटचा तुकडा आला, आणि त्यातला नेमका क्वार्ट्झचा वाळूएवढा स्फटिक बिंदूखाली आहे. तर त्याची नोंद 'खडकतुकडा' म्हणून करायची नाही, 'क्वार्ट्झ' म्हणून करायची. का? कारण तोच तुकडा आणखी फुटला असता तर क्वार्ट्झचा सुटा दाणाच झाला असता. त्यामुळे जाड वाळू आणि बारीक वाळू यांची तुलना करता येते. मोठी सोय झाली. पण सोयीची किंमत असते. तो दाणा ग्रॅनाइटच्या तुकड्यात बसला होता, ही माहिती आपण हिशोबातून काढून टाकली. न्यायालयात साक्षीदार पत्ता सांगत असताना 'तेवढं पुरे, तुमचं फक्त नाव सांगा' असं म्हणण्यासारखंच ते झालं.

तरीही हा त्रिकोण लोकप्रिय का झाला, हे समजून घेतलं पाहिजे. त्याआधी वालुकाश्माचं वर्णन म्हणजे नावांची जंत्री असायची. त्रिकोणाने त्या नावांना अर्थ दिला. हाताच्या मुठीतली वाळू थेट भूपट्टांशी जोडली गेली. शिवाय महागडं यंत्र लागत नाही: एक सूक्ष्मदर्शक, एक मोजणीचा फिरता मंच आणि चिकाटी. आपल्यासारख्या देशातल्या विद्यापीठांत हे काम होऊ शकलं, ते यामुळेच. हे श्रेय द्यायलाच हवं.

मीही ते केलंय. विद्यार्थीदशेत कलादगीच्या वालुकाश्मांच्या चकत्या मोजल्या होत्या. कलादगीचे खडक उत्तर कर्नाटकात, आणि आपल्याकडे कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या पट्ट्यात डोकावतात. उत्तरेकडे ते दख्खनच्या बेसाल्टखाली गडप होतात. खूप जुने, पृथ्वीवर जमिनीवर झाडं यायच्या कितीतरी आधीचे. जवळजवळ सगळं क्वार्ट्झच. माझा ठिपका त्रिकोणाच्या अगदी शेंड्याला पडला: 'स्थिर भूखंडाचा गाभा'. मी खूश! आमच्या गुरुजींनी कागद बघितला आणि विचारलं, "कलादगीच्या खाली कुठले खडक आहेत?" म्हटलं, सर, नाइस आणि धारवाडचे शिस्ट. "म्हणजे जुना स्थिर गाभाच ना? मग हा ठिपका पडायच्या आधी तुला जे माहीत नव्हतं, असं त्याने काय सांगितलं?" (हशा) मला उत्तर देता आलं नाही. आजचं भाषण म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

उत्तराचा गाभा असा आहे की 'उगम' या एका शब्दात आपण तीन प्रश्न कोंबतो. पहिला प्रश्न: दाणा कुठल्या जातीच्या खडकातून आला? दुसरा: तो खडक नेमका कुठे होता? तिसरा: तिथे तेव्हा काय घडत होतं, पर्वत उठत होता, ज्वालामुखी धुमसत होते की सगळं शांत होतं? दाणा पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी देतो. दुसऱ्याचं कधीकधी. तिसऱ्याचं उत्तर तो एकटा देऊच शकत नाही. तिथे आपल्याला नकाशा, थरांची जाडी, प्रवाहाच्या दिशा, काळ हे सगळं बाहेरून आणावं लागतं. त्रिकोणाची अडचण ही की तो पहिल्या प्रश्नाची मोजणी घेतो आणि थेट तिसऱ्याचं उत्तर छापून देतो.

मधे काय काय होऊ शकतं ते बघू.

एक, हवामान. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीचं खोरं घ्या. जॉन्सन, स्टॅलर्ड आणि मीड यांनी १९८८ मध्ये तिथल्या वाळूचा अभ्यास प्रसिद्ध केला. गयाना ढालीच्या सखल भागांत उष्ण, दमट हवेत फेल्डस्पार जागच्या जागी कुजून त्याची चिकणमाती होते, आणि नदीत येते ती जवळपास शुद्ध क्वार्ट्झची वाळू. पहिल्याच फेरीत! तोपर्यंत पाठ्यपुस्तकी समज असा की इतकी शुद्ध क्वार्ट्झ वाळू म्हणजे जुने वालुकाश्म दोन-तीनदा झिजून, गाळून आलेली. तसं असायलाच हवं असं नाही, हे ओरिनोकोने दाखवलं. नदीकाठच्या पूरमैदानात गाळ बराच काळ साठून राहिला, तर तिथेही हेच रासायनिक काम पुढे चालू राहतं. म्हणजे त्रिकोणात ठिपका कुठे पडणार, हे डोंगराइतकंच पाऊस, उतार आणि वाटेत मुक्काम किती झाला यावर ठरतं. आणि माझ्या कलादगीच्या बाबतीत हेही उदाहरण जसंच्या तसं लावता येत नाही, कारण तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती. माती होण्याची रीतच वेगळी होती.

दोन, गाडलं गेल्यानंतरची झीज. आपण समजतो, वाळू थरात बसली की गोष्ट संपली. तसं नसतं. थर खोल जातो, तापतो, त्यातून पाणी फिरतं, आणि कमकुवत खनिजं विरघळून जातात. १९४१ मध्ये पेटीजॉन यांनी दाखवलं होतं की खडक जितका जुना तितके त्यातल्या जड खनिजांचे प्रकार कमी. जड खनिजं म्हणजे क्वार्ट्झपेक्षा घनतेने जास्त असलेली. प्रयोगशाळेत ब्रोमोफॉर्मसारख्या जड द्रवात वाळू टाकली की क्वार्ट्झ तरंगतो आणि ही तळाशी बसतात. त्यात पायरॉक्सीन, अ‍ॅम्फिबोल, गार्नेट, झिरकॉन, टूरमलीन, रुटाइल असे सगळे येतात. उत्तर समुद्राखालच्या तेलविहिरींतल्या वालुकाश्मांवर अँड्र्यू मॉर्टन यांनी काम केलं. तिथे खोलीप्रमाणे खनिजं एकामागून एक नाहीशी होत जाताना दिसतात: आधी अ‍ॅम्फिबोल, मग एपिडोट, पुढे स्टॉरोलाइट, आणखी खोल गेलं की गार्नेटही. शेवटी टणक मंडळी उरतात. उरलेल्यांची यादी बघून 'उगमात गार्नेट नव्हतं' असं म्हणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला शेवटी उरलेल्या माणसांवरून पाहुण्यांची यादी करण्यासारखं आहे.

पण इथे चांगल्या पद्धतीचा नमुनाही मिळतो. मॉर्टन आणि हॉल्सवर्थ यांनी १९९४ मध्ये सुचवलं की सुट्या टक्केवारीऐवजी जोड्यांची गुणोत्तरं घ्या. जोडीतली दोन्ही खनिजं घनतेने जवळपास सारखी हवीत, म्हणजे प्रवाहाने त्यांची वेगळी निवड केलेली नसेल. आणि खोल गाडल्यावर दोघंही टिकणारी हवीत. उदाहरणार्थ अ‍ॅपटाइट आणि टूरमलीन. दोन्ही गाडल्यावर टिकतात, पण अ‍ॅपटाइट जमिनीवरच्या आम्लयुक्त पाण्यात विरघळतो. म्हणून हे गुणोत्तर घसरलं तर वाळू वाटेत कुठेतरी बराच काळ कुजत पडली होती, असा कयास बांधता येतो. मला हे फार आवडतं. कारण इथे पद्धत आपली चूक कुठून येऊ शकते हे आधी मान्य करते आणि मग तिच्यावरच मोजपट्टी लावते.

तीन, त्रिकोणातल्या सीमारेषा. त्या कशा आखल्या? ज्ञात ठिकाणच्या वाळूंच्या सरासऱ्या घेऊन, त्यांच्याभोवती नजरेने. पुढे २००६ मध्ये वेल्ट्ये यांनी संख्याशास्त्राच्या कसोटीवर हे मॉडेल तपासलं. टक्केवारीचा डेटा बंद असतो, एक वाढलं की दुसरं घटणारच, त्यामुळे साधी सरासरी आणि साधं विचलन तिथे चालत नाही. शिवाय एका प्रांतातले नमुने दुसऱ्यात सांडतात. प्रांतांच्या सरासऱ्या खरोखर वेगळ्या आहेत. पण एकट्या ठिपक्याचा प्रांत ओळखायला गेलात तर चुकण्याची शक्यता बरीच राहते. हा भेद महत्त्वाचा. सांगली आणि रत्नागिरीच्या सरासरी पावसात जमीनअस्मानाचा फरक आहे. म्हणून एका दिवसाचा पाऊस सांगून 'हे कुठलं गाव' ओळखता येईल का?

चार, दाण्यावरचा अतिविश्वास. क्वार्ट्झचा दाणा ध्रुवित प्रकाशात फिरवला की काहींमध्ये सावली लाटेसारखी सरकते. अशी लाट दिसली की रूपांतरित खडक, असा ठोकताळा होता. अभिजित बसू आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये त्याची फेरतपासणी केली. त्यांनी लाटेचा कोन आणि दाण्यात किती स्फटिक आहेत हे एकत्र धरलं, आणि तेही पहिल्या फेरीच्या, ठरावीक जाडीच्या वाळूपुरतंच लागू आहे हे स्पष्ट केलं. त्यांचा आलेख पुढे भरपूर वापरला गेला. त्यांची अट मात्र वाटेत गळली. पद्धती अशाच बिघडतात; करणाऱ्याने घातलेली मर्यादा उचलणारा सोडून देतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आता झिरकॉन आहे! बरोबर. झिरकॉन हा छोटा, चिवट स्फटिक. त्यात जन्मतः थोडं युरेनियम असतं, त्याचं ठरलेल्या गतीने शिसं होतं, म्हणून प्रत्येक दाण्याचं वय काढता येतं. लेझरने एकेक दाणा टिपून दिवसाकाठी शेकडो वयं मिळतात. उगमशोधात यापेक्षा मोठी क्रांती झालेली नाही.

आणि गंमत बघा, त्या क्रांतीतही डिकिन्सनच पुढे. २००३ मध्ये त्यांनी आणि जॉर्ज गेरेल्स यांनी अमेरिकेच्या कोलोरॅडो पठारावरच्या पर्मियन आणि ज्युरासिक काळातल्या वाऱ्याने साठवलेल्या वालुकाश्मांतले झिरकॉन मोजले. त्यात नवाहो वालुकाश्म आला. झायन राष्ट्रीय उद्यानातले ते उंच, तिरप्या थरांचे कडे तुम्ही चित्रात पाहिले असतील. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचं वाळवंट. वाऱ्याच्या खुणा सांगतात, वाळू उत्तरेकडून आली. मग अपेक्षा काय? जवळचेच डोंगर. पण साधारण निम्म्या दाण्यांची वयं जुळली ती खंडाच्या पार पूर्व टोकाच्या अ‍ॅपलाचियन पर्वताशी! अर्थ असा निघाला की पूर्वेकडून पश्चिमेकडे खंड ओलांडणाऱ्या नद्या होत्या, त्यांनी वाळू आणली, आणि मग वाऱ्याने ती दक्षिणेला लोटली. त्याच वर्षी राहल आणि सहकाऱ्यांनी नवाहोच्या दाण्यांची दोन-दोन वयं काढली. एक स्फटिक झाल्याचं, आणि दुसरं हीलियमवरून, म्हणजे दाणा सुमारे १८० अंशांखाली थंड झाल्याचं. मोठा गट असा निघाला की जन्म ९५ ते १२० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि थंड झाले २५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी. जन्माचा दाखला अमेरिकेत बऱ्याच ठिकाणचा असू शकतो, पण जन्म आणि थंड होणं ही जोडी अ‍ॅपलाचियनला चपखल बसते. क्वार्ट्झ-फेल्डस्पार मोजून हे जन्मात कळलं नसतं.

पण समीक्षकाने इथेही थांबून विचारायला हवं. झिरकॉन चिवट आहे, हा त्याचा गुण. आणि तोच त्याचा दोष. तो एका वालुकाश्मातून सुटून दुसऱ्यात जातो, तिथून तिसऱ्यात, आणि वय तेच राहतं. थर फार खोल गेला नाही तर हीलियमचं वयही तसंच राहतं. मग नवाहोतला दाणा अ‍ॅपलाचियनमधून थेट आला, की आधी पश्चिमेतल्याच एखाद्या पर्मियन वालुकाश्मात आठ कोटी वर्षं मुक्काम करून आला? त्या २००३ च्या लेखातच पर्मियन आणि ज्युरासिक नमुन्यांत सारखी वयं दिसतात, म्हणजे हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या आकड्यांतून उठतो. दाणा मूळचा तिथला, एवढं पक्कं. शेवटचा प्रवास कुठून झाला, हे वेगळं. 'मूळ गाव' आणि 'सध्याचा पत्ता' या दोन गोष्टी आहेत. मुंबईतल्या माणसाला मूळ गाव विचारलं तर तो सावंतवाडी सांगेल. म्हणून तो आज सकाळी सावंतवाडीहून आला असं होत नाही.

आकड्यांचाही प्रश्न आहे. किती दाणे मोजायचे? २००४ मध्ये फरमिश यांनी गणित मांडलं: कुठलाही पाच टक्क्यांचा गट आपल्या नजरेतून सुटलेला नाही, असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर किमान ११७ दाणे हवेत. त्याआधी साठ दाण्यांवर भागवलं जायचं. चाळीस दाणे मोजून 'अमुक वयाचा उगम नव्हता' असं लिहिणारा लेख दिसला, तर त्या 'नव्हता'कडे संशयाने बघा.

आणि सगळ्यात मोठी अडचण आपल्या अंगणातली आहे. सगळ्या खडकांत झिरकॉन सारखा नसतो. ग्रॅनाइटमध्ये भरपूर, बेसाल्टमध्ये जवळपास नाहीच. दख्खनच्या लाव्हांचं वय काढायला २०१५ मध्ये शेन आणि सहकाऱ्यांना झिरकॉन हवा होता, तर तो त्यांना लाव्हांच्या मधल्या राखेच्या थरांतून मिळवावा लागला. आता गोदावरीचा विचार करा. त्र्यंबकेश्वरला उगम, खोरं तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठं, आणि त्याचा जवळजवळ निम्मा भाग दख्खनचा बेसाल्ट. पाच कोटी वर्षांनी कोणी भूवैज्ञानिक गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा वालुकाश्म फोडील, आणि झिरकॉन मोजील. त्याला दिसतील प्राणहिता, इंद्रावती, शबरी यांनी आणलेले नाइसचे, गोंडवन वालुकाश्मांचे, पूर्व घाटाचे दाणे. तो प्रामाणिकपणे लिहील: उगमप्रदेश जुना भूखंड. नाशिक, औरंगाबाद, नांदेड, सगळा बेसाल्ट त्याच्या अहवालातून गायब! निम्मं खोरं साक्षीलाच बोलावलेलं नाही.

मग तो बेसाल्ट जातो कुठे? त्याची वाळू काळी, कमकुवत. वाटेत फुटते, कुजते. बाकीची काळी माती होते आणि चिखल म्हणून समुद्रात जाते. तो चिखल बोलतो. लिव्हिउ जिओसान आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरातून काढलेल्या गाळाच्या कांडीवरचं काम प्रसिद्ध केलं. निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून त्यांनी दख्खनचा वाटा आणि जुन्या भूखंडाचा वाटा वेगळा केला. हवा कोरडी होत गेली तसा दख्खनचा वाटा वाढला, आणि गेल्या काही हजार वर्षांत धूप एकूणच खूप वाढली. त्यामागे कोरड्या हवेबरोबर शेतीचा विस्तारही आहे, असा त्यांचा निष्कर्ष. प्रवरेकाठचं जोर्वे, दायमाबाद आठवा. तिथल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या काळात सुटू लागलेली माती समुद्रतळाच्या त्या चिखलात आहे. झिरकॉनला हे कधीच सांगता आलं नसतं. आणि म्हणून माझा आग्रह: कुठल्याही उगमशोधात 'या पद्धतीला काय दिसत नाही' हा परिच्छेद हवाच.

या सगळ्यात एक उदाहरण असं आहे की जिथे साधी, जुनी सूक्ष्मदर्शकाची रीत अगदी अचूक चालली. तेही डिकिन्सन यांचंच. प्रशांत महासागरातल्या बेटांवर प्राचीन मातीची भांडी सापडतात. कुंभार मातीत वाळू मिसळतो, भांडं तडकू नये म्हणून. डिकिन्सन अनेक दशकं त्या खापरांच्या चकत्या करून त्यांतली वाळू ओळखत राहिले. २००६ मध्ये त्याचं पुस्तकही आलं. वाळू बेटाची नसेल, तर भांडं किंवा माती होडीतून आली. माणसांचा समुद्रप्रवास वाळूवरून कळतो! तोंगामधल्या नुकुलेका या अगदी सुरुवातीच्या वस्तीतल्या काही खापरांतली वाळू तोंगाची नाही, हे असंच कळलं. २०१५ मध्ये डिकिन्सन वारले तेही तोंगामध्येच, याच कामासाठी गेले असताना.

तिथे रीत का चालली? कारण संशयितांची यादी बंद होती. बेटं मोजकी, प्रत्येकाचा खडक ठाऊक, प्रत्येकाच्या किनाऱ्याची वाळू हातात. भांड्यातली वाळू गाडली जाऊन विरघळली नव्हती. हवामानाने आधी जे करायचं ते केलंच होतं, पण तुलनाही त्याच हवामानातल्या वाळूशी होती. खंडावरच्या जुन्या वालुकाश्माला यातलं काहीच लागू नाही. यादी उघडी आहे, निम्मे संशयित झिजून नाहीसे झालेत, आणि साक्षीदार स्वतः विरघळतायत. मला वाटतं, पद्धत चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. आधी विचारायचं की यादी बंद आहे का? नसेल, तर दाव्याचा आवाज तितका खाली आणायचा.

शेवटी तरुण मित्रांसाठी. त्रिकोण काढू नका असं मी म्हणत नाही. काढा, पण ठिपका पडायच्या आधी कागदावर लिहून ठेवा की कुठला निकाल आला तर तुमचं मत बदलेल. एकही निकाल तसा नसेल, तर मोजणी कशासाठी? गाझी-डिकिन्सनने मोजा, पण ग्रॅनाइटचा तुकडा दिसला तर शेजारी वेगळी नोंद ठेवा. ती माहिती फेकू नका. चिवट खनिजाबरोबर एक हळवं खनिजही तपासा. वाळूबरोबर चिखल तपासा. आणि मॅकींसारखं एकेका दाण्याकडे निवांत बघा. ते डॉक्टर होते. रोग्याचं बोलणं पूर्ण ऐकल्याशिवाय निदान करायचं नाही, हे त्यांना व्यवसायानेच ठाऊक असणार.

एक प्रश्न आलाय, तेवढा घेतो. "मग सर, तुमच्या कलादगीच्या ठिपक्याचं काय करायचं?"

तो खोडू नका. त्याच्याखाली फक्त मथळा बदला. मी लिहिलं होतं, 'स्थिर भूखंडाचा उगम'. आज लिहीन: 'जवळपास सगळं क्वार्ट्झ उरलं आहे, बाकीचं कुठे गेलं, हे शोधायचं आहे.' गुरुजींना हे उत्तर पटलं असतं, असं वाटतं.